निवांत बांधत बसायचे गेम: तुम्ही कोणते खेळता, आणि काय बांधता?

केतकी_मुलुंड

मंडळी, इथे गेमवर धागा निघाला की गाडी मारधाडीवर जाते, नाहीतर क्रिकेटवर. मला वेगळ्या जातीच्या गेमबद्दल बोलायचंय. समोर शत्रू नाही, वेळेची मर्यादा नाही, गुण नाहीत, हरण्याचा प्रश्नच नाही. मोकळी जागा आहे, बांधायचं सामान आहे, आणि तुम्ही आहात.

माझी नोकरी बीकेसीत. संध्याकाळी कुर्ल्याहून लोकल पकडून घरी पोचेपर्यंत डोकं आंबून गेलेलं असतं. जेवणं, आवराआवर झाली की अर्धा तास मी टाउनस्केपर उघडते. ऑस्कर स्टॉलबर्ग नावाच्या स्वीडिश माणसाने केलेला गेम, २०२१ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. सुरुवातीला नुसता समुद्र दिसतो. पाण्यावर टिचकी मारली की फरसबंदी जमीन वर येते. तिथेच पुन्हा मारली की घर. आणखी एक मारली की मजला चढतो आणि छप्पर आपोआप वर सरकतं. चारी बाजूंनी घरं घालून मध्ये जागा मोकळी ठेवलीत तर तिथे आपसूक बाग उगवते. जिना कुठे निघेल, खिडकी कुठे येईल, दोन इमारतींमध्ये दोरी कुठे बांधली जाईल, हे तो शेजारचं काय आहे ते पाहून ठरवतो. तुम्ही फक्त रंग आणि जागा निवडायची.

आम्ही सहा माणसं वन रूम किचनमध्ये वाढलो. खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारावं लागे. त्यामुळे आपल्या मनाने जागा लावता येणं, ती पुन्हा बदलता येणं, ही माझ्यासाठी लहान गोष्ट नाही. याला टाइमपास म्हटलेलं मला पटत नाही.

तुम्ही यातलं काय खेळता ते सांगा. फोनवर चालणारं असेल तर आवर्जून सांगा, सगळ्यांकडे तगडा कॉम्प्युटर नसतो.

---

पावसाळी

+१. स्टारड्यू व्हॅली घ्या. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चारएक वर्षं खपून केला, २०१६ चा आहे. शेती, गुरं, मासेमारी, गावातल्या लोकांशी गप्पा. फोनवरही मस्त चालतो.

---

केतकी_मुलुंड

@पावसाळी, खेळलेय, आणि गेम फार प्रेमाने केलाय यात वाद नाही. पण त्यात सकाळी सहाला दिवस सुरू होतो, रात्री दोनपर्यंत अंथरुणात पोचावं लागतं आणि मधल्या वेळेत अंगातली ताकद संपत जाते. पाणी घालायचं राहिलं, दुकान बंद झालं, अशी रुखरुख मला तिथेही लागते. दिवसभर घड्याळामागे धावलेल्या माणसाने रात्री पुन्हा घड्याळ कशाला बघायचं? या धाग्यात बांधकाम आणि निवांतपणा दोन्ही हवं.

---

गच्ची_आणि_पतंग

मी विरुद्ध बाजूने लिहितो. टाउनस्केपर घेतला, दोन संध्याकाळी हरखून खेळलो, तिसऱ्या दिवशी उघडावासा वाटला नाही. सुंदर दिसतं, पण पुढे काय? कशासाठी बांधायचं? ध्येयच नसेल तर माझं मन लागत नाही. यावर कोणाकडे उत्तर असेल तर खरंच हवंय. मला हा प्रकार आवडावा असं वाटतंय, पण जमत नाहीये.

---

रेघोट्या

@गच्ची_आणि_पतंग, तुमचा प्रश्न या प्रकाराच्या जन्मापासूनचा आहे.

विल राइटने १९८४ मध्ये एक हेलिकॉप्टरचा गेम केला होता, बेटांवरचे कारखाने बॉम्बने उडवायचे. बेटं आखायला त्याने स्वतःपुरतं एक साधन बनवलं होतं. ती उडवण्यापेक्षा रस्ते आणि इमारती मांडत बसण्यात आपल्याला जास्त गोडी आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यातून सिमसिटी हा शहर बांधायचा गेम झाला. पण ज्यात जिंकणं-हरणंच नाही असा गेम विकायचा कसा, हे प्रकाशकांना कळेना, आणि बाजारात यायला १९८९ उजाडलं. पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

मी त्याच वाटेवरचा सिटीज स्कायलाइन्स खेळतो, पहिला, २०१५ चा. फिनलंडच्या एका लहानशा कंपनीने केलेला. त्यात पैसे कधीच न संपण्याची सोय गेमबरोबरच मिळते, ती चालू करा. मग शहराचं दिवाळं निघण्याची धास्ती जाते आणि एखाद्या चौकात वाहतूक का तुंबते एवढंच बघत बसता येतं. दादरच्या पुलाखाली रोज अडकणाऱ्या माणसाला यात काय समाधान मिळतं ते लिहून सांगता येणार नाही.

ध्येयाबद्दल माझं मत: गेम देत नसेल तर आपण अट घालून घ्यायची. टाउनस्केपरमध्ये फक्त दोन रंग वापरायचे. किंवा एकाही घराला जमिनीवरून थेट वाट ठेवायची नाही. किंवा बंदरापासून सुरुवात करून वस्ती कशी वाढली असेल त्याच क्रमाने बांधायचं: आधी धक्का, मग वखार, मग घरं, शेवटी मोठ्या लोकांच्या हवेल्या. अट असली की हाताला काम मिळतं.

---

सानिकाची_आई

विषयाला धरून एक शंका. मुलगी नऊ वर्षांची आहे, शाळेतल्या सगळ्या मैत्रिणी माइनक्राफ्ट खेळतात, तिलाही हवाय. मला त्यातलं काही कळत नाही. द्यावा का? त्यात भुतं येतात असं ती म्हणते.

---

विटेवर_वीट

@सानिकाची_आई, ताई, निर्धास्त द्या. फक्त सुरुवातीला दहा मिनिटं तिच्याबरोबर बसा.

नवीन जग सुरू करताना तो कुठल्या पद्धतीने खेळायचं ते विचारतो. सर्व्हायव्हलमध्ये झाडं तोडून, खाणी खोदून सामान गोळा करावं लागतं, भूक लागते, रात्री राक्षस येतात. क्रिएटिव्हमध्ये सगळं सामान पहिल्यापासून हातात, उडता येतं, मरण नाही. तिला खोदायलाच आवडत असेल तर सर्व्हायव्हल द्या आणि काठिण्य पीसफुलवर ठेवा, म्हणजे अंगावर येणारे राक्षस नाहीसे होतात. (तो हिरवा क्रीपर तिला भीतीदायक वाटत असेल तर सांगा की तो चुकीने झालेला डुक्कर आहे. डुकराचं चित्र करताना लांबी आणि उंचीची अदलाबदल झाली, आणि करणाऱ्याला ते ध्यान आवडलं म्हणून ठेवलं. माझ्या भाचीची भीती या एका गोष्टीने गेली.)

दोन गोष्टी मात्र सांभाळा. अनोळखी लोकांच्या सर्व्हरवर तिला एकटीला जाऊ देऊ नका. तिचं स्वतःचं जग पुरेसं मोठं आहे. आणि फोनवरच्या आवृत्तीत कपडे, तयार नकाशे वगैरे विकायला ठेवलेले असतात, तेव्हा खरेदीला पासवर्ड लावून ठेवा.

पैसे खर्च करायचे नसतील तर लुआंटी बघा. तशाच चौकोनी ठोकळ्यांचा, पूर्ण फुकट आणि मुक्तस्रोत. २०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. जुन्या लॅपटॉपवरही चालतो.

---

सानिकाची_आई

खूप आभार. रविवारी बसतो दोघी.

---

फास्ट_लोकल

मी शहरं बांधत नाही, रेल्वे बांधतो. ओपनटीटीडी. मूळ गेम ख्रिस सॉयरचा, १९९० च्या दशकातला ट्रान्सपोर्ट टायकून. त्याची ही मुक्त आवृत्ती २००४ पासून स्वयंसेवक सांभाळतायत. फुकट आहे आणि कुठल्याही डबड्या मशीनवर धावते.

पैसे कमावण्याचाच गेम आहे म्हणाल, तर सेटिंगमध्ये जा. प्रतिस्पर्धी शून्य करा, गाड्या बिघडणं बंद करा, महागाई बंद करा. आता उरली ती नुसती रेल्वे.

माझा कायमचा प्रकल्प म्हणजे मध्य रेल्वेच्या धर्तीवर चार रूळ: दोन स्लो, दोन फास्ट. दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे अशी नावं स्टेशनांना देता येतात. स्लो गाडीला प्रत्येक स्टेशनचा थांबा, फास्ट गाडीला मधली स्टेशनं न थांबता ओलांडायची आज्ञा. खरी मेहनत सिग्नलांची. फास्टवरची गाडी स्लोवर घ्यायची असेल तर सांधा कुठे टाकायचा आणि त्याच्या आधी-पुढे सिग्नल कुठे लावायचे, यात सगळं आलं. सांध्यापुढचा सिग्नल सांध्याच्या फार जवळ लावला तर थांबलेल्या गाडीची शेपूट सांधाच अडवते आणि पाठोपाठच्या सगळ्या गाड्या खोळंबतात. गाडीच्या लांबीएवढी जागा सोडली की सुटतं. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की कुर्ल्याच्या अलीकडे आपली गाडी का उभी राहते ते कळायला लागतं, आणि उभ्या गाडीत पूर्वीइतकी चिडचिड होत नाही.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली तेव्हा ३४ किलोमीटर होते. माझी मार्गिकाही तिथेच संपते. कल्याणला अजून हात घातलेला नाही.

---

गच्ची_आणि_पतंग

@रेघोट्या, अटींची कल्पना आवडली. दोन रंगांवर प्रयत्न करतो. @फास्ट_लोकल, तुमचा चारपदरी नकाशा इथे टाका ना.

---

लालबागची_मृण्मयी

सगळं वाचत होते, आता लिहिते. थोडं लांबेल.

आमची चाळ दोन वर्षांपूर्वी पाडली, पुनर्विकासात. तळमजला अधिक दोन, मजल्याला बारा खोल्या, कौलारू. बाबांचा जन्म तिथला. आता आम्ही ट्रान्झिट कॅम्पमध्ये आहोत, नवीन घर मिळेल तेव्हा मिळेल, तक्रार करायला लिहीत नाहीये. पण चाळीचे फोटो बघायला बसलो तर काय दिसलं? माणसं. लग्नातले, गणपतीतले, बारशाचे फोटो. चाळ कायम मागे, धूसर, अर्धी कापलेली. जिना पूर्ण दिसणारा एकही फोटो आमच्याकडे नाही.

म्हणून मी ती माइनक्राफ्टमध्ये बांधायला घेतली.

पहिला प्रश्न मापाचा. त्यात एक ठोकळा म्हणजे एक मीटर धरतात. आमची खोली दहा बाय बारा फूट, म्हणजे तीन ठोकळे बाय जेमतेम चार. आणि भिंतसुद्धा एक ठोकळा जाड, म्हणजे एक मीटरची भिंत! त्यात ओटा, मोरी, कॉट, कपाट काहीच मावेना. शेवटी एक ठोकळा अर्ध्या मीटरचा धरला. खोली सहा बाय सात झाली. मजल्याची उंची सहा, गॅलरी दोन ठोकळे रुंद, आणि खोल्यांच्या रांगेची लांबी भिंतींसकट चौऱ्याऐंशीच्या आसपास. आता प्रमाण जुळलं, पण गेममधलं तयार दार दोनच ठोकळे उंच असतं, आमच्या मापात एक मीटर. म्हणून दारं फळ्यांची केली, चार ठोकळे उंच आणि कायमची उघडी. तशीही ती दिवसभर उघडीच असायची.

कौलांना अकेशिया लाकडाच्या पायऱ्या वापरल्या, तो नारिंगी रंग कौलांच्या जवळ जातो. कठड्याला गडद लाकडाचं कुंपण. ओटा म्हणजे उलट्या बसवलेल्या दगडी पायऱ्या. पाण्याचं पिंप म्हणजे बॅरल. तुळस नाही त्यात, म्हणून कुंडीत फर्न लावली.

बाबा आधी लांबून बघायचे. मग एकदा मागे उभे राहून म्हणाले, "मोरी डावीकडे होती गं, उजवीकडे पाटेकरांच्या खोलीत." नंतर रोज रात्री खुर्ची ओढून बसायला लागले. नळ जिन्याखाली होता, जिन्याची चौथी पायरी फुटकी होती, सामाईक संडासाकडे जाताना भिंतीला एक कोनाडा होता आणि त्यात कोणीतरी कायम दिवा ठेवायचं. हे मला काहीच माहीत नव्हतं. पहाटेचं ऊन गॅलरीत यायचं असं ते म्हणाले तेव्हा मी अख्खी चाळ पाडून पुन्हा पूर्वेकडे तोंड करून बांधली, कारण त्या गेममध्ये सूर्य बरोब्बर पूर्वेला उगवतो.

एक गोष्ट मी ठरवून केली नव्हती. गेममधला माणूस दोन ठोकळ्यांहून थोडा कमी उंच असतो. आमच्या मापात तो नव्वद सेंटिमीटरचा झाला, म्हणजे दोन-अडीच वर्षांचं मूल. बाबा गॅलरीतून चालायला लागले तेव्हा कठडा त्यांच्या डोक्याच्या वर होता आणि ते कुंपणाच्या फटीतून खाली चौकात बघत होते. "असंच दिसायचं," म्हणाले.

@गच्ची_आणि_पतंग, तुम्ही विचारलंत कशासाठी बांधायचं. मला वाटतं, आपल्या ओळखीची एक जागा घ्या. गेमने काही दिलं नाही तरी ती जागा तुम्हाला कामाला लावते.

---

विटेवर_वीट

मृण्मयीताई, वाचून गलबललो. ही चाळ आम्हाला दाखवाच.

---

रेघोट्या

@लालबागची_मृण्मयी, तुमचं वाचून पुन्हा विल राइट आठवला. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला डोंगरावर वणवा पेटला, त्यात त्याचं घर जळालं. संसार पुन्हा उभा करताना माणसाला कोणत्या वस्तू लागतात आणि का, हा विचार त्याच्या मनात सुरू झाला, आणि त्यातून पुढे द सिम्स हा घर-संसार मांडायचा गेम आला, २००० मध्ये. घर गेल्यावर घर मांडावंसं वाटणं, हे या प्रकारात पहिल्यापासून आहे.

---

आराखडा

मी वास्तुरचनाकार आहे, दादरला ऑफिस. दोन गोष्टींची भर घालतो.

एक, मृण्मयीताईंनी जे केलं त्याला आमच्या क्षेत्रात मोल आहे. चाळी पाडल्या जातात तेव्हा नगरपालिकेच्या नकाशात भिंती आणि क्षेत्रफळ उरतं. कोनाडा आणि चौथी पायरी कुठेच नोंदली जात नाही. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या काही कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या इमारतींच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांत माणसं गेली, ती चांगलीच गोष्ट आहे. पण शंभर वर्षांच्या त्या खोल्यांत कोण कुठे झोपायचं, कपडे कुठे वाळायचे, हे सांगणारी माणसं अजून आहेत, तोवर त्यांना शेजारी बसवून बांधून घ्या. आजोबांना स्केच काढता येत नाही, पण पडद्यावर बघून "इथे नाही, तिथे" हे प्रत्येकाला सांगता येतं.

दोन, हे जगभर मुद्दाम केलं जातं. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हॅबिटॅट विभागाने आणि माइनक्राफ्टच्या कंपनीने मिळून ब्लॉक बाय ब्लॉक नावाचा कार्यक्रम सुरू केला. वस्तीतल्या लोकांना, ज्यांनी कधी माऊस धरला नाही अशांनासुद्धा, गेममध्ये आपलं मैदान किंवा बाग बांधायला बसवतात आणि त्यावरून खरा आराखडा करतात. नैरोबीच्या किबेरा वस्तीत झालं, आपल्या मुंबईतही झालं. बायका दिवा कुठे हवा ते बरोबर दाखवतात. कागदी नकाशा पुढे केला की त्याच बायका गप्प बसतात, हे मी बैठकांमधून स्वतः पाहिलंय.

---

पावसाळी

टायनी ग्लेडबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. सप्टेंबर २०२४ मध्ये आला, स्वीडनमधल्या दोघांनी केलाय. चौकटीच नाहीत, भिंत हवी तशी वळवा. भिंतीवरून पायवाट ओढली की तिथे आपोआप कमान उघडते. मी त्यात तटबंदी आणि बुरूज बांधते. दिवाळीत आमच्या सोसायटीत किल्ल्याला जागा उरलेली नाही, सगळीकडे गाड्या लागतात, तरी पोरांचे हात शिवशिवतातच. गेल्या दिवाळीत चौघांना माझ्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. महादरवाजा समोरून दिसता कामा नये, बुरुजाआड वळून यायला हवा, यावर जे भांडण झालं! रायगडाचा दरवाजा कसा लपलाय ते त्यातल्या एकाने सगळ्यांना समजावून सांगितलं. मात्र याला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, साध्या लॅपटॉपवर घेऊ नका.

---

केतकी_मुलुंड

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. @पावसाळी, पोरांचा तो किल्ला बघायला आवडेल.

@गच्ची_आणि_पतंग, टाउनस्केपरमधलं गाव मजकुराच्या एका ओळीत कॉपी होतं. ती ओळ दुसऱ्याने आपल्या गेममध्ये पेस्ट केली की तेच गाव उघडतं. तुमचं दोन रंगांचं गाव इथे चिकटवा, मी त्याच्या कडेने बांधून परत पाठवते.

---

गच्ची_आणि_पतंग

दोन रंगांचं राहू द्या. मृण्मयीताईंचं वाचल्यावर आमच्या गिरगावच्या गल्लीचं तोंड बांधायला घेतलंय. कोपऱ्यावरचं इराण्याचं हॉटेल, त्याला लागून छापखाना, वर लाकडी सज्जा. टाउनस्केपरचे रस्ते वाकडेतिकडेच असतात, ते गिरगावला चपखल बसतंय. छापखान्याचा रंग आठवत नाही, उद्या काकांना फोन करून विचारतो. मग ओळ चिकटवतो.

---

लालबागची_मृण्मयी

सगळ्यांचे आभार. एक मदत हवीय. माझं जग कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीत आहे. नाशिकच्या आत्याला ते तिच्या फोनवर बघायचंय. कसं पाठवू?

---

विटेवर_वीट

थेट उघडणार नाही. फोनवरची आवृत्ती बेडरॉक, तिच्या फाइलींची रचना वेगळी. चंकर नावाचं साधन आहे, जावाचं जग त्यात घालून बेडरॉकचं करून मिळतं. त्याआधी गेमच्या फोल्डरमधल्या सेव्ह्ज फोल्डरात तुमच्या जगाच्या नावाचा जो फोल्डर आहे, तो अख्खा पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, एक प्रत बाबांच्या नावाने ड्राइव्हवरही. रूपांतर झाल्यावर कुंड्या, उलट्या पायऱ्या आणि कुंपणं एकदा फिरून तपासा, तिथेच काही इकडचं तिकडे होण्याची शक्यता असते. आत्यांच्या फोनवर माइनक्राफ्ट घेतलेला असायला हवा. अडलं तर इथेच लिहा, मी रात्री अकरापर्यंत असतो.